कॅमेऱ्याच्या उणिवा आणि रीटचिंगचा इतिहास

१८५० च्या दशकात छायाचित्रकाराच्या हाती असलेल्या काचेला जवळपास निळा रंग तेवढाच दिसत असे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि काचेवर स्वच्छ, तपशीलवार निगेटिव्ह मिळू लागली. पण त्या काचेवरचा चांदीच्या क्षारांचा थर निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच नीट प्रतिसाद देई. हिरव्याला फार कमी आणि लाल-पिवळ्याला नसल्यासारखाच. त्यामुळे आकाश उडून पांढरेफटक येई, निळे डोळे पांढुरके दिसत आणि कपाळावरचे लाल कुंकू काळे उमटे. लेन्स बदलून किंवा अधिक महागडी पेटी घेऊन यात काही फरक पडणार नव्हता. दोष टिपणाऱ्या पदार्थातच होता, आणि त्यावरचा इलाज फोटो काढून झाल्यानंतरच करता येई. आज संगणकावर जे फोटो एडिटिंग चालते त्याची सुरुवात या अडचणीतून झाली. हातचा कॅमेरा जे देत नाही ते नंतरच्या कामाने कितपत मिळवता येते, हा प्रश्नही तेव्हापासूनचाच आहे.

फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास काढलेल्या समुद्राच्या चित्रांनी पॅरिस आणि लंडनच्या प्रेक्षकांना थक्क केले होते. एकाच चित्रात लाटाही स्वच्छ आणि ढगही स्वच्छ, हे तोवर कोणी पाहिलेले नव्हते. समुद्राला पुरेल एवढा वेळ काच उघडी ठेवली की आकाश उडून जाई, आणि आकाश सांभाळले की समुद्राचा काळा पट्टा होई. ल ग्रेने अनेक चित्रांत दोन निगेटिव्ह वापरल्या, एक समुद्राची आणि एक आकाशाची, आणि क्षितिजाच्या रेषेवर त्या जुळवून एकच प्रत छापली. एकाच जागेवर दोन वेगवेगळे एक्सपोजर घेऊन ते जोडायचे, ही कल्पना पुढे दीडशे वर्षांनी मोबाइल फोनमध्ये जशीच्या तशी अवतरली. मात्र ल ग्रेच्या कामाला दुसरीही बाजू आहे. त्याच्या काही चित्रांत वेगवेगळ्या समुद्रांवर तेच ढग दिसतात. म्हणजे काही वेळा त्याने त्या जागेचा प्रकाश दोन टप्प्यांत गोळा केला, तर काही वेळा दुसरीकडचे आकाश आणून बसवले. डोळ्यांना दोन्ही चित्रे सारखीच खरी वाटतात, पण पहिल्यात कॅमेऱ्याची क्षमता खरोखर वाढलेली असते आणि दुसऱ्यात नसते. पुढच्या सगळ्या इतिहासात हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

व्यवसाय म्हणून रीटचिंग उभे राहिले ते व्यक्तिचित्रांमुळे. चेहऱ्यावरचे तांबूस डाग, वांग, उन्हाने आलेली लाली हे सारे निळा प्रकाश कमी परावर्तित करते, म्हणून कलोडियनच्या काचेवर ते प्रत्यक्षापेक्षा कितीतरी गडद उमटे. आरशात नितळ दिसणारा चेहरा फोटोत डागाळलेला येई आणि गिऱ्हाईक पैसे द्यायला कुरकुर करी. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती, एक रीटच करण्यापूर्वीची आणि एक नंतरची, शेजारी शेजारी मांडल्या असे सांगितले जाते. निगेटिव्ह रीटचिंगच्या प्रसाराचे श्रेय साधारणपणे त्याला देतात. काही वर्षांतच युरोपातल्या मोठ्या स्टुडिओंमध्ये फोटो काढणाऱ्याइतकाच रीटच करणाऱ्यालाही मान मिळू लागला.

हे काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. उतरत्या लाकडी चौकटीत दुधी काच बसवलेली असे आणि तिच्याखाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून वर येऊन निगेटिव्हमधून पार होई. चौकटीवर काळे कापड किंवा झडप टाकून आजूबाजूचा उजेड अडवत. निगेटिव्हचा थर गुळगुळीत, त्यावर पेन्सिल धरत नसे. म्हणून टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या राळेचा एक थेंब बोटाला गुंडाळलेल्या फडक्याने चेहऱ्याच्या भागावर गोल गोल चोळत, की पृष्ठभागाला किंचित खरखरीतपणा येई. शिसपेन्सिलीचे टोक बारीक पॉलिश कागदावर घासून इंच-दीड इंच लांब, सुईसारखे करत. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे पारदर्शक ठिपक्यासारखा दिसतो. त्या ठिपक्यावर शेजारच्या भागाइतकी गडद छटा येईपर्यंत स्वल्पविरामासारखे हलके फटकारे मारायचे, की छापील प्रतीत डाग नाहीसा होई. उलट, जे जास्त गोरे आले आहे ते काळसर करायचे असेल तर अतिशय धारदार पात्याने थर खरवडावा लागे, आणि तिथे हात चुकला तर परतीचा रस्ता नव्हता. डोळ्यांखालची सावली किती उजळायची, कपाळावरच्या आठ्या किती ठेवायच्या, हे ठरवण्यासाठी चेहऱ्याखालची हाडे आणि स्नायू ठाऊक असावे लागत. नाहीतर माणूस मेणाचा दिसे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. सोसायटीच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. हरिश्चंद्र चिंतामण यांचा व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ त्याच काळातला. लाला दीनदयाळ यांनी इंदूर आणि सिकंदराबादनंतर १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. भारतात रीटचिंगने एक स्वतःचे वळण घेतले. इथे लघुचित्रे काढणारे कलावंत हाताशी होते आणि संस्थानिकांकडची मागणीही तशीच होती. त्यामुळे छापलेल्या फोटोवर जलरंग किंवा तैलरंग चढवले जात. पैठणीचा काठ, तुऱ्यातले मोती, अंगरख्याची जर हे सारे रंगात यायचे. कधी रंग इतका दाट असे की खालचा फोटो फक्त चेहऱ्यापुरता उरे. काळ्या-पांढऱ्या काचेला जो रंग टिपता येत नव्हता तो चित्रकाराने आठवणीतून किंवा प्रत्यक्ष कपडा समोर ठेवून भरला. या चित्रांचे सौंदर्य निर्विवाद आहे. पण त्यातल्या शालूचा रंग पुरावा म्हणून वापरताना इतिहासकाराला सावध राहावे लागते.

काचेच्या आंधळेपणावर खरा इलाज रसायनशास्त्राने केला. बर्लिनचे हेर्मान फोगेल यांना १८७३ मध्ये आढळले की थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले की तो हिरव्या प्रकाशालाही संवेदनशील होतो. त्या शोधातून आधी ऑर्थोक्रोमॅटिक आणि मग १९०६ पासून बाजारात मिळू लागलेल्या, लाल रंगही टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेट आल्या. पिवळा फिल्टर लावून एकाच निगेटिव्हवर ढग मिळू लागले, तेव्हा आकाश जोडण्याची सक्ती संपली. वांगाचे डागही पूर्वीइतके काळे येईनात. रीटचिंगचा धंदा मात्र बसला नाही. ज्या उणिवेपायी तो सुरू झाला ती दूर झाली होती, पण तोवर गिऱ्हाइकाला नितळ चेहऱ्याची सवय लागली होती. पेन्सिल-राळेचा संच आपल्याकडच्या स्टुडिओंत रंगीत फिल्म सर्वत्र होईपर्यंत टिकला आणि पासपोर्ट फोटोंवरही ती पेन्सिल फिरत राहिली.

डार्करूममधल्या कामाची ताकद आणि मर्यादा एकाच उदाहरणात पाहायची तर अमेरिकन छायाचित्रकार अन्सेल अॅडम्स यांचे ‘मूनराइज, हर्नांडेझ’ पाहावे. १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोतल्या एका खेड्याचे आणि वर आलेल्या चंद्राचे हे चित्र त्यांनी घाईघाईत घेतले. लाइट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राची ठाऊक असलेली तेजस्विता धरून त्यांनी एक्सपोजर ठरवले. चंद्र सांभाळला गेला, पण पुढचे गाव निगेटिव्हवर फार पातळ आले. सुरुवातीच्या प्रतींत आकाश करडे आहे आणि ढगांचे पट्टे दिसतात. १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागाची रसायनाने घनता वाढवली आणि नंतरच्या प्रतींत आकाश जवळजवळ काळे केले. सुमारे चाळीस वर्षे ते त्याच निगेटिव्हवरून नव्या नव्या प्रती काढत होते. गावातल्या क्रुसांवर जो थोडा प्रकाश निगेटिव्हवर उमटला होता तो त्यांनी पराकाष्ठेने वर काढला. तो मुळात उमटलाच नसता तर कोणत्याही रसायनाचा उपयोग झाला नसता.

संगणकावर चित्र सुधारण्याची विद्या घडली ती अशा एका ठिकाणी, जिथे कॅमेरा बदलण्याची सोयच नव्हती. मरिनर-४ हे यान जुलै १९६५ मध्ये मंगळाजवळून गेले. त्याच्या कॅमेऱ्याची चित्रे २०० बाय २०० ठिपक्यांची, करड्या रंगाच्या ६४ पायऱ्यांची होती. सेकंदाला साधारण ८ बिट या वेगाने एक चित्र पृथ्वीवर यायला आठ तास लागत. आलेली चित्रे फिकट आणि कॉन्ट्रास्ट नसलेली होती. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत रॉबर्ट नेथन आणि सहकाऱ्यांनी आकडे म्हणून आलेल्या त्या चित्रांवर गणिती प्रक्रिया करून खड्डे स्पष्ट केले. त्याआधी चंद्राकडे गेलेल्या रेंजर यानांच्या चित्रांवरही अशीच प्रक्रिया झाली होती. कॉन्ट्रास्ट ताणणे, नियमित खरखर वजा करणे, कॅमेऱ्याचा ठाऊक असलेला वाकडेपणा उलटा करून सरळ करणे, ही आज प्रत्येक फोटो सॉफ्टवेअरमध्ये असलेली साधने त्या काळात तयार झाली.

त्याहून विलक्षण कथा व्हॉयेजर-२ ची आहे. १९७७ मध्ये सोडलेले हे यान १९८६ मध्ये युरेनसपाशी आणि १९८९ मध्ये नेपच्यूनपाशी पोचले. नेपच्यून सूर्यापासून पृथ्वीच्या तीसपट दूर, म्हणजे तिथे सूर्यप्रकाश सुमारे नऊशेपट कमी. त्या उजेडात कॅमेऱ्याला लांब एक्सपोजर हवे आणि यान तर प्रचंड वेगाने पुढे जाते आहे. अभियंत्यांनी पृथ्वीवरून नव्या आज्ञावली पाठवल्या. एक्सपोजर चालू असताना यानच हळुवार वळवून लक्ष्य एका जागी धरले गेले, यानाचे थरथरणे कमी केले गेले आणि दुसऱ्या संगणकाकडून चित्रे दाबून लहान करून घेतली गेली. कॅमेरा तोच होता. घर सोडून बारा वर्षे झाल्यावर तो आधीपेक्षा चांगला झाला, कारण सॉफ्टवेअरने त्याला अधिक प्रकाश गोळा करू दिला.

नंतर केलेल्या गणिताची हद्द मात्र लगेच पुढच्या वर्षी हबल दुर्बिणीने दाखवली. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि काही आठवड्यांतच तिचा २.४ मीटरचा मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन अधिक सपाट घासला गेल्याचे उघड झाले. ताऱ्याचा सुमारे ७० टक्के प्रकाश ज्या छोट्या वर्तुळात एकवटायला हवा होता तिथे जेमतेम १५ टक्के जमत होता. बाकीचा भोवती धूसर झालर होऊन पसरे. दोष काय आहे हे अचूक ठाऊक होते, त्यामुळे तो गणिताने उलटवता येत होता. रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि ल्यूसी यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली पद्धत खगोलशास्त्रज्ञांनी कामाला लावली. प्रत्येक फेरीत संगणक मूळ दृश्याचा अंदाज करी, तो अंदाज दोषी आरशातून कसा दिसेल ते काढी, प्रत्यक्ष चित्राशी ताडून पाही आणि अंदाज सुधारी. शनी आणि गुरूसारख्या तेजस्वी लक्ष्यांवर निकाल उत्तम आले. मंद दीर्घिकांवर ते येईनात. तिथे पसरलेला प्रकाश पार्श्वभूमीच्या खरखरीत बुडून गेला होता, आणि झालर गोळा करता करता खरखरही तेवढीच मोठी होत होती. तीन वर्षे जगातले उत्तम गणिती या कामी लागले होते, तरी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना वर जाऊन नवा कॅमेरा बसवावाच लागला. मुख्य आरशाचा दोष उलटवणारे आरसे त्या कॅमेऱ्यातच होते. एम-१०० या दीर्घिकेची आधीची आणि नंतरची चित्रे शेजारी ठेवली की उरलेला फरक कळतो. ते गणित वाया मात्र गेले नाही. सूक्ष्मदर्शकांत आणि आजच्या फोटो धारदार करणाऱ्या साधनांत तीच रीत वापरली जाते.

सर्वसामान्य छायाचित्रकाराच्या टेबलावर हे सामर्थ्य फेब्रुवारी १९९० मध्ये आले, फोटोशॉपच्या पहिल्या आवृत्तीबरोबर. टॉमस आणि जॉन नोल या भावांनी लिहिलेल्या या सॉफ्टवेअरने आरंभी डार्करूमची हत्यारेच पडद्यावर आणली. उजळणे, गडद करणे, डाग झाकणे, कापून जोडणे अशा त्यांच्या नावांतही डार्करूमच होती. २००२ मध्ये आलेल्या हीलिंग ब्रशने पेन्सिल-राळेचे तासाभराचे काम काही क्षणांवर आणले. कॅमेऱ्याच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे वळण नंतरचे, २००३ मधले. त्या वर्षी टॉमस नोल यांनीच लिहिलेला कॅमेरा रॉ हा जोडभाग आला.

त्याचे महत्त्व कळण्यासाठी सेन्सर काय टिपतो ते पाहावे लागते. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेनुसार सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच फिल्टर असतो. निम्मे ठिपके हिरवे, बाकीचे लाल आणि निळे. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे रंगीत डिजिटल फोटोतली दोन तृतीयांश माहिती मुळातच गणिताने भरलेली असते, मग ते गणित कॅमेऱ्यातली चिप करो की घरचा संगणक. जेपीईजी फाइलमध्ये ते गणित कायमचे गोठते आणि प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच उरतात. रॉ फाइलमध्ये सेन्सरचे मूळ आकडे १२ किंवा १४ बिटांत, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्यांत राहतात. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरच्या २०१० च्या आवृत्तीने रंग भरण्याचे आणि खरखर काढण्याचे गणित बदलले, तेव्हा जुन्या रॉ फाइली पुन्हा उघडणाऱ्यांना त्याच फोटोंत आधी न दिसलेला तपशील मिळाला. ज्यांनी फक्त जेपीईजी ठेवल्या त्यांच्या हाती यातले जवळपास काहीच आले नाही. जुना कॅमेरा सॉफ्टवेअरने कितपत तरुण होईल याचा निकाल असा बहुधा फाइल साठवतानाच लागलेला असतो.

खरखरीचा, म्हणजे नॉइजचा, मोठा भाग कॅमेऱ्याच्या हलक्या दर्जामुळे येतो अशी सर्रास समजूत आहे. खरे तर तो प्रकाशातच असतो. प्रकाशकण थेंबाथेंबाने, अनियमित येतात. एका ठिपक्यावर सरासरी १०० कण पडत असतील तर दर वेळी साधारण १० इकडेतिकडे होतात, म्हणजे १० टक्के. १०,००० पडत असतील तर १००, म्हणजे फक्त १ टक्का. फुल-फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर असते; एके काळच्या मोबाइलमधल्या लहान सेन्सरचे सतराच्या आसपास. हे पन्नासपट अंतर कोणत्याही कारागिरीने बुजत नाही. मात्र त्याच हिशेबाचा दुसरा अर्थ नव्या कॅमेऱ्याच्या जाहिरातींत येत नाही. १९९९ च्या निकॉन डी-१ ची आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) १६०० वर थांबणारी झेप २००७ च्या डी-३ मध्ये ६४०० पर्यंत गेली, ती खरी सुधारणा होती. आजचे चांगले सेन्सर त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या हिरव्या प्रकाशापैकी निम्म्याहून अधिक कण टिपतात. म्हणजे तेवढ्याच आकाराचा परिपूर्ण सेन्सर निघाला तरी दुप्पट, एका स्टॉपचाही फायदा पुरता मिळणार नाही. अशा वेळी दहा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवर न्यूरल नेटवर्कने खरखर काढणारे साधन चालवले, तर होणारा फायदा त्याच आकाराचा नवा सेन्सर घेण्यापेक्षा अनेकदा मोठा असतो. डीएक्सओचे डीपप्राइम २०२० मध्ये आले, लाइटरूममधले तसेच साधन २०२३ मध्ये.

मोबाइलने ल ग्रेची पहिली वाट पुन्हा उघडली. गूगलने २०१३ मध्ये नेक्सस-५ फोनमध्ये एकापाठोपाठ अनेक झटपट फोटो घेऊन ते एकमेकांवर जुळवून सरासरी काढण्याची पद्धत आणली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिच्यातून नाइट साइट निघाले. हातात धरलेल्या फोनने पंधरापर्यंत फ्रेम घ्यायच्या, हात हलला असेल तेवढे सरकवून त्या जुळवायच्या आणि बेरीज करायची. हे साधन २०१६ चा पहिला पिक्सेल फोन बाळगणाऱ्यांनाही साध्या अपडेटने मिळाले. सॉफ्टवेअरने नव्या कॅमेऱ्याची जागा घेतल्याचे याहून चोख उदाहरण नाही. दृश्य स्थिर असावे लागते, ही त्याची अट. धावणारे मूल, कबड्डीतली चढाई किंवा झेप घेणारा पक्षी दुसऱ्या फ्रेममध्ये तिथे नसतो. तिथे मोठी लेन्स, मोठा सेन्सर आणि चपळ ऑटोफोकस लागतो. फोकस भलतीकडे बसलेला फोटो आणि हुकलेला क्षण नंतर कशानेच परत येत नाही.

ल ग्रेची दुसरी वाटही परत आली आहे. जगभरच्या फोटोंवर शिकवलेली सॉफ्टवेअर आता धूसर जागी पापण्या, पाने, विटा भरू शकतात, आणि त्या तिथे असतीलच असे नाही. मार्च २०२३ मध्ये मुद्दाम अस्पष्ट केलेले चंद्राचे चित्र पडद्यावर दाखवून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो घेतला, तेव्हा फोनने त्यात खड्ड्यांचा असा तपशील उमटवला जो समोरच्या चित्रात नव्हताच. चंद्र सगळ्यांचा सारखाच असल्याने नुकसान थोडे. अनोळखी माणसाचा चेहरा किंवा गाडीची नंबरप्लेट असती तर ते चालले नसते.

बातमीच्या छायाचित्रणात म्हणूनच नंतरच्या कामावर कडक बंधने आली. रॉयटर्स वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०१५ मध्ये स्वतंत्र छायाचित्रकारांना कळवले की रॉ फाइलवरून तयार केलेले फोटो पाठवू नयेत. कॅमेऱ्यानेच बनवलेली जेपीईजी पाठवावी आणि तिच्यात कापणे किंवा उजेडाची पातळी जुळवणे एवढेच किरकोळ बदल करावेत. लग्नाचे किंवा निसर्गाचे फोटो काढणारा जुन्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवर रात्रभर मेहनत घेऊ शकतो. मैदानाच्या कडेला दिव्यांच्या उजेडात उभ्या असलेल्या वृत्तछायाचित्रकाराला ती मुभा नाही. त्याला हवी ती स्वच्छता कॅमेऱ्यातूनच यावी लागते, आणि कमी उजेडात चालणारे नवे मॉडेल त्याला घ्यावेच लागते.